डोंगरातली गावे ओस पडली, पुन्हा वसली; त्यांची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी नाशिक शहरात आणि त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर आता ठिकठिकाणी दिसते आहे. या निमित्ताने जिल्ह्याचा इतिहास पुरवण्यांतून, माहितीपुस्तिकांतून आणि रस्त्याकडेच्या फलकांवरून पुन्हा सांगितला जाईल. तो कसा सांगितला जाईल, याचा अंदाज आजवरच्या अनुभवावरून सहज बांधता येतो. पंचवटीतील रामकथा, त्र्यंबकचे ज्योतिर्लिंग, पेशवाईतील देवळे आणि घाट, आणि डोंगरांचा विषय निघालाच तर किल्ले आणि लढाया. यातले काही गाळावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु इगतपुरीपासून त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण असे करत थेट बागलाणापर्यंत जो डोंगरी पट्टा पसरला आहे, त्यात माणूस कधीपासून राहू लागला, गावे कशी वसली, कशामुळे ओस पडली आणि पुन्हा कुणी वसवली, याविषयी त्यात एक ओळही नसते. ती नसल्याचे परिणाम आज हयात असलेल्या माणसांना भोगावे लागत आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली. गावाचा नकाशा आणि टिपण समोर ठेवून शिवेचे दगड शोधत हिंडताना मैदानी तालुक्यांत काम सरळ चालते. पांढरी म्हणजे वस्तीची जागा कुठे, काळी म्हणजे शेतजमीन कुठे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. डोंगरात तसे नाही. तेथे जुने गावठाण एका सोंडेवर, आजची वस्ती दुसऱ्या सोंडेवर आणि देव तिसऱ्याच ठिकाणी, हे सर्रास दिसते. एकदा वसले आणि तेथेच टिकले असे गाव या पट्ट्यात अपवादानेच सापडते. माझ्या मते हीच या भागाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तिचा लेखी पुरावा आपल्याच जिल्ह्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीपासून उपलब्ध आहे.

आधी डोंगराविषयी थोडे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला. कठीण काळ्या पाषाणाचा एक थर, त्याखाली सच्छिद्र किंवा तांबड्या मऊ मातीचा थर, पुन्हा कठीण थर, अशी ही रचना आहे. म्हणूनच आपल्याकडच्या डोंगरांना उभे कडे आणि त्यांच्या मध्ये सपाट पदर असतात. मुरलेले पाणी अशा दोन थरांच्या सांध्यावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पाडे बहुधा या पदरावरच का आहेत, याचे उत्तर या झऱ्यांत आहे. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण तो उतारावरून वाहून जातो आणि होळीनंतर पाण्यासाठी पायपीट सुरू होते. ज्या पदरावर झरा बारमाही, तेथे वस्ती टिकली. झरा आटला की वस्ती हलली. नागली, वरई, खुरासणी ही पिके, भाताच्या रोपासाठी भाजला जाणारा राब, आणि मुसळधार पावसात तग धरणारी डांगी जनावरे, हे सगळे जीवन या उताराशी आणि या पाण्याशी जुळवून उभे राहिलेले आहे.

माणसाचा वावर तर त्याहून कितीतरी जुना. नाशिकजवळ गंगापूर परिसरात गोदावरीच्या काठच्या घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरांतून अश्मयुगातील दगडी हत्यारे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांना मिळाली. पुढे १९५०-५१ मध्ये खुद्द शहरातल्या मातीच्या गढीवर उत्खनन झाले, आणि नगर जिल्ह्यातल्या जोर्वे येथे सापडली तशी ताम्रपाषाण युगातील खापरे तेथेही निघाली. म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी येथे शेतकरी वस्ती होती. तीच गढी आज पावसाळ्यात ढासळते आणि आपण त्याची बातमी फक्त धोकादायक घरांच्या संदर्भात वाचतो.

आता लेखी पुराव्याकडे येतो, कारण खरे सांगण्यासारखे तेथे आहे. त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांना, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांना, बहुतेक नाशिककर एकदा तरी गेलेला असतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची दोन आज्ञापत्रे कोरलेली आहेत. पहिले त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षातले. गोवर्धन येथील आपल्या अमात्याला राजा कळवतो की पश्चिम काखडी गावातील, पूर्वी क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तनांचे (निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप) शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, प्रांतातल्या अधिकाऱ्यांनी हात घालू नये. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, राजा आणि राजमाता मिळून दुसरे पत्र पाठवतात. त्यात म्हटले आहे की काखडी गावातले जे शेत आधी दिले होते ते कसले जात नाही, आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या शिवेवरील आमच्या सरकारी शेतापैकी १०० निवर्तने त्याऐवजी द्यावीत.

ओस पडलेल्या गावाची, कारभारातून आलेली, दप्तरी भाषेतली ही नोंद दगडावर कोरलेली आहे. मी आयुष्यभर असे कागद हाताळले, म्हणून ती वाचताना मला लेण्यातल्या कोणत्याही शिल्पापेक्षा जास्त ओळखीची वाटते. दिलेल्या जमिनीचा उपयोग होत नाही, अर्ज येतो, चौकशी होते, बदली जमीन मंजूर होते. गाव का उठले, हे लेखात सांगितलेले नाही, पण त्या काळाकडे पाहिले तर माझा तर्क असा की क्षहरात आणि सातवाहन या दोन राजघराण्यांच्या झगड्याचा त्यात हात असावा. या झगड्याची साक्ष १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे सापडलेल्या चांदीच्या नाण्यांनी दिली आहे. १३ हजारांहून अधिक नाण्यांचा तो साठा नहपानाचा, आणि त्यातली नऊ हजारांहून अधिक नाणी गौतमीपुत्राने आपल्या चिन्हांनी पुन्हा छापलेली. भांडण होते ते घाटवाटांसाठी. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतून थळघाट चढून येणारा माल गोवर्धन-नाशिकवरून पैठणकडे जात असे. हाच उषवदात आपल्या लेखात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, २००० आणि १००० कार्षापण व्याजाने ठेवल्याचे सांगतो आणि त्याच लेखमालेत दमण, तापी, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट होड्या चालवल्याचेही सांगतो. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे करणारे यांच्या श्रेणी येतात. समुद्रकिनारा, घाट आणि डोंगराखालचे नगर यांना जोडणाऱ्या या साखळीत डोंगरातली वस्ती ही मधली कडी होती, आणि ओढाताण झाली की पहिली तीच तुटत असे.

दुसरा पुरावा अंजनेरीचा. हनुमानाच्या जन्मस्थानाची चर्चा जेवढी होते, तिच्या शतांशानेही अंजनेरीला मिळालेल्या ताम्रपटांची होत नाही. हरिश्चंद्र वंशातील भोगशक्ती या चालुक्यांच्या मांडलिकाचे हे ताम्रपट इ. स. च्या आठव्या शतकाच्या आरंभीचे आहेत. कोकणावर राज्य करणारा हा राजा घाटावरच्या नाशिक परिसरातील गावे देवालयाला देतो, यावरूनच घाटाच्या वरचा आणि खालचा मुलूख तेव्हा किती एकजीव होता हे कळते. यातील एका दानपत्राचा विषय आहे उजाड झालेले समगिरी पत्तन आणि त्याच्या आसपासच्या पल्लिका, म्हणजे वाड्या, पुन्हा वसवणे. तेथे राहायला येणाऱ्या व्यापाऱ्यांना जकात माफ, निपुत्रिक मेलेल्याची मालमत्ता राजाने जप्त करायची नाही, आणि तंटे पडले तर नगरातील आठ किंवा सोळा वडीलधाऱ्यांनी विचार करून सांगितलेला निर्णय मानायचा. ओस गाव वसवायचे तर माणसाला कसली हमी द्यावी लागते, याची तेराशे वर्षांपूर्वीची इतकी नेमकी कल्पना त्या पत्र्यांवर आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला शाळकरी मुलगा तिच्याविषयी काहीही न ऐकता दहावी होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यादवांचा आरंभ चांदवड आणि सिन्नरच्या परिसरातला, आणि अंजनेरीच्या जैन मंदिरात शके १०६३ चा त्यांच्या काळातील लेख आहे, एवढा उल्लेख करून मी पुढे जातो. तो काळ अभ्यासकांनी बऱ्यापैकी लिहिलेला आहे.

त्यानंतरचा मोठा आघात म्हणजे १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ. दख्खनचा मोठा भाग त्यात उजाड झाला. डोंगर आणि किल्ले स्थानिक पुंडांच्या हाती गेले, गावांच्या शिवा कुणाला आठवेनात. सुमारे तीस वर्षांनी बहमनी राजवटीच्या वतीने दादो नरसू काळे याने पुन्हा लावणी सुरू केली तेव्हा जुने वतनदार सापडेनात, म्हणून जो कसायला तयार त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी घोड्याच्या तोबऱ्याएवढे धान्य, असा तो बंदोबस्त होता. आपल्या जिल्ह्यातील कोकणा समाजाची जुनी सांगी अशी की याच दुष्काळात त्यांचे पूर्वज कोकणातून घाट चढून पेठ, सुरगाणा, कळवणच्या डोंगरांत आले. महादेव कोळी, ठाकर, वारली, भिल्ल यांच्या सांग्या वेगळ्या, काही कोकणाकडे बोट दाखवणाऱ्या तर काही बालाघाटाकडे. आधी कोण आले हा वाद मी येथे मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण वारंवार उठणाऱ्या आणि वसणाऱ्या मुलखात त्याला फारसा अर्थ उरत नाही. झरा कुणी राखला, उतार कुणी बांधबंदिस्त केला, ते कुठून आले आणि किती पिढ्या राहिले, हे मात्र विचारण्यासारखे आहे.

किल्ल्यांकडेही या नजरेने पाहायला हवे. साल्हेरचा समावेश २०२५ मध्ये जागतिक वारशात झाला, याचा आनंद सर्वांप्रमाणे मलाही आहे; समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला आणि १६७२ ची लढाई यांना ते स्थान मिळायलाच हवे होते. पण किल्ला काही सैन्याच्या बळावर नुसता उभा राहत नाही. पायथ्याच्या साल्हेरवाडीने आणि वाघांबेने धान्य, चारा, मनुष्यबळ पुरवले नसते तर वरचे टाके आणि दरवाजे काय कामाचे होते? ब्रह्मगिरीभोवतीची मेटे तर या नात्याचा जिवंत दाखला आहेत. चढणीच्या वाटेवर चौकी, चौकीवर पहारेकरी, पहाऱ्यासाठी जमीन आणि त्या जमिनीवर कुटुंब, अशी ती वस्ती झाली. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबक घेतले, कॅप्टन ब्रिग्जने सातमाळेतील किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या फोडल्या, चौक्या संपल्या; माणसे मात्र तेथेच राहिली. गंगाद्वाराला जाणारा भाविक त्यांच्या दारावरून जातो आणि ही घरे येथे का आहेत, हे त्याला कुणी सांगत नाही.

पेशवाईच्या शेवटी, १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्याच्या आगेमागे झालेली होळकर-पेंढाऱ्यांची लूट यांत पुन्हा गावे उठली. ती वसवण्यासाठी इस्ताव्याचे कौल दिले गेले, सारा दरवर्षी थोडा थोडा चढत जाईल असे. पुढे १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर आली आणि इगतपुरीचे शहर झाले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरली आणि राब तोडणारा, गुरे चारणारा माणूस कागदावर परका ठरू लागला. १९१६ चे दारणा, १९६५ चे गंगापूर आणि नंतरचे वैतरणा, या धरणांनी किती गावठाणे, किती जुन्या वाटा आणि किती वीरगळ पोटात घेतले असतील, याची यादी कुठल्याही ग्रंथालयात मागून मिळत नाही.

पेठच्या बाजूला मोजणीच्या कामात पाहिलेली एक जागा सांगतो. कागदोपत्री ते नुसते वन होते. प्रत्यक्षात जुन्या आंब्यांच्या खाली जोत्याच्या दगडांची ओळ होती, जात्याची एक तळी अर्धी मातीत रुतलेली होती, आणि थोडे खाली, झऱ्याच्या वर, सागाच्या फळीवर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेला वाघदेव उभा होता. त्याला शेंदूर ताजा होता. जवळच्या पाड्यावरचे लोक वाघबारशीला तेथे येतात आणि त्या जागेला आपले जुने घर म्हणतात. आमच्या नकाशात हे दाखवायला रकाना नव्हता.

हाच मुद्दा आज कायद्याच्या दारात येऊन उभा आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून सरकारी कागदांबरोबरच घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ आणि ज्येष्ठांचे लिहून घेतलेले कथन हेही ग्राह्य धरले आहे. इतर पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या हजारो शेतकऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनजमिनीचे दावे ही त्यांची एक मुख्य मागणी होती. ज्या पाड्याचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, त्या पाड्याला आपले वास्तव्य सिद्ध करताना किती धडपडावे लागते, हे मी जवळून पाहिले आहे. वाघदेवाची फळी हा पुरावा आहे, हे त्या लोकांना माहीत नव्हते आणि तो मांडायला मदत करील असे तेव्हा त्यांच्या सोबत कुणी नव्हते.

शिवाय लोकांच्या तोंडी असलेला ठेवा आहे. कळवण, सुरगाणा, बागलाणात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. पावरीच्या सुरावर रात्र रात्र चालणाऱ्या त्या उत्सवात पौर्णिमेला माऊल्या, म्हणजे व्रत घेतलेले भाविक, गडाच्या गुहेशी जातात आणि डोंगरांची नावे घेऊन त्यांना आळवले जाते. कोणते डोंगर कोणत्या क्रमाने येतात, हे नीट टिपून घेतले तर त्या समाजाच्या वाटचालीचा माग लागण्याची शक्यता मला वाटते. हे काम त्या समाजातील शिकलेल्या तरुणांनी, त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीनेच करायला हवे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या डोंगरी तालुक्यांतील प्रत्येक ग्रामसभेने आपल्या पाड्यांची नोंदवही तयार करावी. झरा, जुनी विहीर, ओसाड गावठाण, वीरगळ, वाघदेव, दफनभूमी, जुनी घाटवाट आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेला वस्तीचा प्रवास तिच्यात यावा. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक तहसील कार्यालयात राहावी. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी इतिहास आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांना या कामाला लावावे. शहराभोवतीच्या डोंगरांवर खडी आणि मुरुमासाठी नवी परवानगी देण्यापूर्वी त्या डोंगराची अशी पाहणी झालेली असणे सक्तीचे करावे, कारण फोडलेला पदर आणि त्यावरचे जोते परत मिळत नाही. आणि सिंहस्थासाठी फलक लागणारच आहेत, तर त्रिरश्मीच्या पायथ्याशी काखडी गावाची आणि अंजनेरीच्या फाट्यावर समगिरीच्या पुनर्वसाहतीची हकीकत सोप्या मराठीत लिहिली जावी.

आपल्या दैनिकाने यासाठी आठवड्यातून एकदा थोडी जागा दिली, तर पाड्यापाड्यांवरचे शिक्षक, पोलीसपाटील आणि तरुण आपल्या वस्तीची माहिती पाठवतील याची मला खात्री आहे. पेठ आणि सुरगाण्यापासून सुरुवात व्हावी, कारण ही दोन्ही जुनी संस्थाने असल्याने तेथील कौल, सनदा आणि जमाबंदीचे मोडी कागद घराघरांत असण्याचा संभव अधिक आहे. ते वाचून देण्यासाठी आणि जुन्या नकाशांवर जागा लावून देण्यासाठी मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत. आपण कळवावे, आम्ही येऊ.

आपला नम्र,
एक निवृत्त भूमापक, नाशिक